वय कशावरून लिहिले, तेही लिहा : जनगणना आयुक्तांना खुले पत्र

मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,



१६ जून २०२५ रोजी जनगणनेची अधिसूचना निघाली आणि २०२१ साली व्हायचे राहून गेलेले काम अखेर मार्गी लागले. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन आहे. मोबाइल ॲप, स्वगणना, जातींची नोंद या साऱ्यांची चर्चा भरपूर झाली. जनगणनेच्या तक्त्यातले सगळ्यात साधे वाटणारे दोन रकाने मात्र चर्चेबाहेर राहिले. एक वयाचा आणि दुसरा स्त्री की पुरुष या नोंदीचा. हे पत्र त्या दोन रकान्यांविषयी आहे.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत नोकरी झाली आणि जनगणनेचे काम याच गावांमधून केले. २०११ च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४ आणि दौंडची ३,८०,४९६ भरली. दोन्ही मिळून साडेसात लाखांच्या वर माणसे. यातल्या किती जणांचे वय खरे लिहिले गेले, किती बायका आणि लेकरे मोजणीतून सुटली, आणि हे आपल्याला कधी कळणार आहे का, असे माझे प्रश्न आहेत. तक्रारी आणि मागण्या एकेक करून मांडतो.

पहिली गोष्ट : वय विचारायला वेळ द्या.

आमच्याकडे वय विचारले की उत्तर येते, ‘लिहा पन्नास’, नाहीतर ‘असंल साठीची’. दहाच्या आणि पाचच्या पाढ्यातली वये लोकांच्या तोंडी बसलेली आहेत. म्हणून देशाच्या वयसारणीत ३०, ४०, ५०, ६० या वयांपाशी माणसांचे ढीग दिसतात आणि शेजारच्या २९, ३१, ४९, ५१ या वयांपाशी खड्डे. हे मोजण्याची व्हिपल निर्देशांक नावाची रीत दहावीच्या मुलालाही जमेल इतकी सोपी आहे. २३ ते ६२ या वयांची सगळी माणसे घ्यायची. त्यात २५, ३०, ३५ अशी शून्य किंवा पाचावर संपणारी वये सांगणारे किती ते मोजायचे, त्याला पाचने गुणायचे आणि एकूण संख्येशी शेकडा प्रमाण काढायचे. १०० आले तर कुणी गोल आकड्याकडे झुकलेले नाही. ५०० आले तर सगळेच झुकले. १२५ च्या वर गेले की संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत ती आकडेवारी ढोबळ धरतात.

पण आमच्या भागात दुसरीही एक चूक होते आणि ती या निर्देशांकात दिसत नाही. जनगणनेला पूर्ण झालेली वर्षे हवी असतात. लोक चालू वर्ष सांगतात. ‘पोरीला सातवं लागलंय’ याचा अर्थ ती सहा वर्षांची आहे. घाईतला प्रगणक सात लिहितो. ती मुलगी शून्य ते सहा या वयोगटातून बाहेर पडते, आणि बालकांचे लिंग-गुणोत्तर तर याच वयोगटावर काढले जाते.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. प्रत्येक प्रगणकाच्या हाती तालुक्याची घटनावली, म्हणजे सगळ्यांना आठवणाऱ्या घटनांची तारीखवार यादी, द्या. पानशेत धरण फुटले १२ जुलै १९६१ ला. त्या दिवसांत जन्मलेला माणूस १ मार्च २०२७ ला ६५ वर्षे पूर्ण केलेला असेल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तेव्हाचे बाळ ५९ चे असेल. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, तेव्हाचे ३३ चे. आणि बहात्तरचा दुष्काळ तर शिरूर-दौंडच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे. ‘दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलात तेव्हा थोरला किती होता?’ एवढा एक प्रश्न विचारला की घरातल्या चार जणांची वये जुळून येतात. प्रशिक्षणात ॲप कसे उघडायचे हे शिकवाल, तसे वय कसे विचारायचे हेही शिकवा.

दुसरी गोष्ट : कागदावरची तारीख हा पुरावा आहे, सत्य असेलच असे नाही.

हा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. २०११ च्या अनुसूचीत जन्मतारीख आणि पूर्ण वर्षे दोन्ही विचारली होती. आता जवळजवळ प्रत्येकाकडे आधार कार्ड आहे. प्रगणक कार्ड मागेल, त्यावरची तारीख टाकेल, वय आपोआप निघेल. गोल आकड्यांचे ढीग ओसरतील, निर्देशांक शंभराजवळ येईल, आणि महाराष्ट्राची वयनोंद सुधारली असे अहवालात छापले जाईल.

त्या तारखा कुठून आल्या ते पाहा. महाराष्ट्रातल्या खेड्यांत लाखो माणसांचा वाढदिवस १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडायच्या, पहिलीत घ्यायला वय पूर्ण हवे असायचे, जन्माची नोंद कुणाकडे नसायची. मग दाखल-खारीज रजिस्टरात १ जून आणि सोयीचे साल लिहिले जायचे. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून नोकरीत, तिथून आधारवर. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांच्या आधारवर बऱ्याचदा १ जानेवारी आहे, कारण नोंदणीच्या वेळी त्यांनी फक्त अंदाजे साल सांगितले होते. म्हणजे ‘असंल साठीची’ हेच उत्तर आता पूर्ण तारखेच्या रूपात तुमच्या संगणकात जाणार. चूक तेवढीच राहील, ओळखू मात्र येणार नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी. वयाच्या रकान्याला लागून एक छोटा रकाना ठेवा : हे वय कशावरून लिहिले? जन्माच्या दाखल्यावरून, शाळेच्या दाखल्यावरून, आधारवरून, स्वतः सांगितले म्हणून, घरातल्या दुसऱ्याने सांगितले म्हणून, की प्रगणकाच्या अंदाजाने. एका टिचकीचे काम आहे. पुढे वयाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला कोणत्या नोंदीवर किती विसंबायचे ते त्यावरून कळेल. सोबत जन्मदिनांकांचीही एक सारणी प्रसिद्ध करा. कोणत्याही एका तारखेला साधारण ३६५ पैकी एक जन्म पडायला हवा. १ जून आणि १ जानेवारीला त्याच्या किती पट पडले हे कळले, की कागदी वयांचा खरेखोटेपणा कुणालाही तपासता येईल.

तिसरी गोष्ट : वय सांगायची भीती काढा.

आज वयाला पैसे आणि हक्क चिकटलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५ पासून. एसटीत ६५ नंतर अर्धे तिकीट, ७५ नंतर प्रवास मोफत. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी. दाराशी सरकारी माणूस वय विचारायला आला की लोकांना याच मर्यादा आठवणार. ६६ वर्षांची बाई ६४ सांगेल, ६२ वर्षांचा बाप्या ६५ सांगेल. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जनगणनेतले उत्तर आणि योजनेचा अर्ज यांचा काही संबंध नसतो हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेच्या व्यक्तिगत नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि सर्वसाधारणपणे न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ही हमी कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर, बाजाराच्या दिवशी दवंडीत आणि अंगणवाडीच्या बैठकीत मराठीत ऐकू आली पाहिजे. लग्नाच्या वयाचेही तसेच आहे. सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीचे वय सासरचे लोक अठराच सांगतात, कारण खरे सांगितले तर गुन्हा कबूल केल्यासारखे होते. त्यामुळे बालविवाहांचा आकडा कमी दिसतो आणि १८-१९ वयाच्या विवाहित मुलींचा फुगतो.

चौथी गोष्ट : घरातली सगळी वये एकाच पुरुषाला विचारू नका.

स्वगणनेत ही अडचण वाढेल. फोन कर्त्या पुरुषाच्या किंवा शिकलेल्या मुलाच्या हातात असतो. त्याला आपले वय पक्के माहीत असते, आईचे अंदाजे आणि आजीचे मुळीच नाही. नवीन सुनेचे तो नवऱ्याच्या वयातून दोन-चार वर्षे वजा करून सांगतो. बायकांच्या वयात गोल आकडे जास्त सापडतात याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांची वये दुसऱ्याने सांगितलेली असतात. स्वगणना केलेल्या घरांपैकी काही घरे नमुना म्हणून निवडा, तिथे प्रगणक पाठवा आणि बायकांना त्यांचे वय स्वतः विचारा. दोन्ही उत्तरांतला फरक प्रसिद्ध करा.

पाचवी गोष्ट : फेब्रुवारीत आमच्या शिवारात कोण असते ते ध्यानात घ्या.

लोकसंख्या मोजणी फेब्रुवारीत होते. तेव्हा उसाचा हंगाम भरात असतो. पाटस, आलेगाव, पाटेठाणच्या कारखान्यांसाठी बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या भीमा-घोडच्या काठी कोप्या घालून राहतात. दौंडच्या राहू-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि त्यांवर उत्तर प्रदेशातले मजूर असतात. २०११ च्या नियमाप्रमाणे जो माणूस मोजणीच्या सगळ्या दिवसांत आपल्या गावी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे हे लोक आमच्या तालुक्यांत मोजले गेले पाहिजेत. प्रत्यक्षात टोळी पहाटे फडात जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. प्रगणक दुपारी येतो तेव्हा कोपीत असतात दोन लेकरे आणि त्यांना सांभाळणारी तिसरी, जेमतेम आठ वर्षांची. मग मुकादमाला विचारले जाते. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. किती कोयते ते त्याला तोंडपाठ असते. किती बायका, त्यांची वये काय, कोपीत जन्मलेले बाळ किती महिन्यांचे, हे त्याला ठाऊक नसते. इकडे गावी राहिलेली आजी तिकडच्या प्रगणकाला सुनेचे आणि नातवाचे नाव सांगते. एकच बाई दोनदा मोजली जाते किंवा एकदाही नाही.

या टोळ्यांसाठी रात्रीची वेगळी मोजणी ठेवा. बेघरांची मोजणी एका रात्रीत होतेच, त्याच धर्तीवर. आणि कोपीत वय विचारायला प्रगणक म्हणून बाई पाठवा.

सहावी गोष्ट : मुलींची कमतरता आणि मुलींची गळती वेगळी करून सांगा.

महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे शून्य ते सहा वयाच्या मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. पुणे जिल्हा ९०२ वरून ८८३ वर उतरला. गर्भलिंगनिदानाचा गुन्हा या आकड्यांमागे आहे याबद्दल मला शंका नाही. पण २०११ चा राज्याचा हंगामी आकडा ८८३ होता आणि अंतिम आकडा ८९४ झाला. एकाच मोजणीच्या दोन आकड्यांत अकराचे अंतर पडले. गावागावांत सभा झाल्या त्या हंगामी आकड्यावर.

एखाद्या गावात मुली कमी दिसतात त्या जन्मालाच आल्या नाहीत म्हणून, मोजल्या गेल्या नाहीत म्हणून, की सहाच्या सात लिहिल्या म्हणून? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी सोनोग्राफी केंद्राची तपासणी, दुसऱ्यासाठी चांगला प्रगणक, तिसऱ्यासाठी पूर्ण वर्षांचा नेमका प्रश्न. जन्मनोंदणीचे आकडे, अंगणवाडीची यादी आणि शाळांची पटसंख्या जनगणनेशेजारी ठेवून तालुकावार ताळा काढला तर हे वेगळे करता येते. ते काम आपल्या कार्यालयाने करावे.

इथेच स्त्री-पुरुष नोंदीतल्या तिसऱ्या पर्यायाबद्दलही सांगतो. २०११ मध्ये ‘इतर’ असे लिहिलेली ४,८७,८०३ माणसे देशात होती, त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रात. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात मात्र त्यांना पुरुषांच्या रकान्यात मिळवले गेले. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर तसे पुन्हा होऊ नये. गावाच्या पातळीवर ओळख उघडी पडेल हे खरे, म्हणून तालुक्याच्या पातळीवर हा आकडा स्वतंत्र द्या.

सातवी गोष्ट : दिल्लीत बसून सारणी गुळगुळीत करू नका, केली तर मूळची सारणीही द्या.

वयातल्या चुका दुरुस्त करायच्या गणिती रीती जुन्या आहेत. १९२१ च्या वयसारण्यांवर मीकल आणि १९३१ च्या सारण्यांवर एल. एस. वैद्यनाथन या विमागणितज्ज्ञांनी स्वतंत्र अहवाल लिहिले. १९३१ मध्ये तर जवळच्या वाढदिवसाचे वय विचारून पाहिले होते. आमच्याच जिल्ह्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. आणि कुमुदिनी दांडेकरांनी जन्ममृत्यूची पाहणी केली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या परंपरेचा मला आदर आहे.

पण या रीती मोठ्या, स्थिर लोकसंख्येसाठी आहेत. संयुक्त राष्ट्रांचा वय-लिंग अचूकता निर्देशांक एका वयोगटातून दुसऱ्यात जाताना स्त्री-पुरुष प्रमाणात उडी दिसली की तिला चूक समजतो आणि तिचे वजन तिप्पट धरतो. तो शिरूरला लावून पाहा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमाच्या खोल्यांत विशी-तिशीचे परप्रांतीय आणि मराठवाड्यातले तरुण दाटीने राहतात. दौंडला कुरकुंभचे कारखाने आहेत, रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. केडगावला पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायका आणि मुली राहत आल्या. या गावांच्या सारणीत स्त्री-पुरुष प्रमाण वेडेवाकडे दिसणारच, आणि ते खरे असेल. आदर्श सारणीच्या मापाने ते सपाट केले तर चुकीबरोबर खरी माणसेही पुसली जातील. चूक कोणती आणि वस्तुस्थिती कोणती, हे सांगायला जागेवरची माहिती लागते.

म्हणून मूळ आणि दुरुस्त केलेली सारणी शेजारी शेजारी छापा, दुरुस्ती कोणत्या रीतीने केली ते लिहा, आणि एकेरी वयांची सारणी तालुक्यापर्यंत आणा. प्राथमिक गोषवाऱ्यात गावाला वयाची माहिती मिळते ती फक्त शून्य ते सहाची. एवढ्याने शिरूरच्या पंचायत समितीला तालुक्यात साठीपुढच्या किती बायका आहेत हे कळत नाही. सारण्या मिळाल्या तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, गोखले संस्था आणि तालुक्यातली महाविद्यालये त्या तपासतील.

आठवी आणि शेवटची : पश्चात पाहणी आमच्यापर्यंत आणा.

जनगणनेनंतर निवडक भागांत पुन्हा मोजून किती माणसे सुटली ते पाहतात, ती ही पश्चात पाहणी. २०११ नंतरच्या पाहणीत दर हजारी २३ माणसे मोजायची राहिली असे निघाले. देशभराचा हिशोब पावणेतीन कोटींच्या वर जातो. हाच दर शिरूर-दौंडला लावला तर सतरा हजारांवर माणसे होतात. प्रत्यक्षात इथली गळती याहून कमी असेल किंवा जास्त. ती पाहणी देशाच्या मोठ्या विभागांपुरती असते, त्यामुळे तालुक्याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरतात. अन्नसुरक्षेच्या कार्डांची मर्यादा अजून २०११ च्या आकड्यावर आहे. जे सुटले त्यांचा वाटाही सुटला. या वेळी पाहणीचा नमुना वाढवा, महाराष्ट्राचे आणि त्यातल्या स्थलांतरित मजुरांचे स्वतंत्र उत्तर द्या, आणि ते वर्षाच्या आत द्या.

महोदय, या मागण्यांत खर्चिक असे फारसे काही नाही. एक जादा रकाना, एक घटनावली, काही रात्रीच्या फेऱ्या आणि मूळ सारण्या लोकांपुढे ठेवण्याची तयारी, इतकेच मागणे आहे. चुका प्रत्येक देशाच्या जनगणनेत होतात. त्या मोजून उघडपणे सांगणाऱ्या कार्यालयाच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात.

आणि शिरूर-दौंडच्या घराघरांतल्या मंडळींना एक विनंती. प्रगणक दारात आला की त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि घरातल्या प्रत्येक बाईला तिचे वय तिच्या तोंडून सांगू द्या. पाळण्यातल्या बाळाचे नाव विसरू नका, ठेवले नसेल तरी ‘बाळ, मुलगी, दोन महिने’ असे लिहून घ्या.



आपला विश्वासू,
शिरूर-दौंड परिसरातील एक निवृत्त शिक्षक व माजी प्रगणक

प्रत : संचालक, जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र, मुंबई